बाईंच्या तासाला दिलेलं उत्तर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. "तू दगडांचा माणूस, दगडांवर बोल," म्हणाले. दगडांवर बोललो तर तुम्ही पाचव्या मिनिटाला पंगतीकडे बघायला लागाल, म्हणून ज्वालामुखीवर बोलतो.

आपण आठवीत होतो, १९८५ साली. दिवाळीच्या सुट्टीआधी भूगोलाच्या बाईंनी विचारलं, ज्वालामुखीमुळे माणसं कशाने मरतात? मी तत्परतेने उठून म्हणालो, "लाव्हारसाने!" तास संपल्याची घंटा झाली आणि उत्तर तसंच राहिलं.

त्याच नोव्हेंबरात, १३ तारखेच्या रात्री, कोलंबियातल्या नेवादो देल रुईझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा स्फोट झाला. स्फोट तसा लहानच. पण तापलेल्या राखेने शिखरावरचं बर्फ वितळलं. ते पाणी माती, राख, दगडधोंडे ओढत नदीच्या खोऱ्यांतून सुटलं आणि दोन-अडीच तासांनी आर्मेरो गावावर आलं. गाव झोपलेलं. वीस हजारांहून जास्त माणसं चिखलात गेली. लाव्हारस गावापर्यंत पोचलाच नाही. धोका कुठे आहे हे दाखवणारा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि त्यात आर्मेरो होतं. गाव रिकामं करण्याचा निर्णय मात्र वेळेत झाला नाही. तिथे ओमायरा सांचेझ नावाची मुलगी कोसळलेल्या घरात, गळ्यापर्यंत पाण्यात तीन दिवस अडकून होती. तिचा फोटो मी पुढे कॉलेजात पाहिला. ती तेरा वर्षांची होती. आपणही तेव्हा तेरा वर्षांचे होतो.

लाव्हारसापुढून माणूस बहुतेक वेळा चालत निसटू शकतो. खरा खेळ वायूचा. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात, गोटी सोड्यातल्या वायूसारखे. शिलारस वर येतो, दाब कमी होतो, वायू सुटायला बघतो. आता स्वयंपाकघरात चला. पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे मुकाट फुटतात, पण घट्ट पिठलं रटरटलं की हात भाजतो! हवाई बेटांवरचा शिलारस आमटीसारखा, म्हणून तो वाहतो. आपण ज्या मैदानावर कबड्डीत गुडघे फोडून घेतले, त्याखालचा काळा कातळही असाच वाहत आलेला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. शिलारस घट्ट असेल तर वायू कोंडतो आणि डोंगरच फुटतो. मग तापलेली राख आणि वायू यांचा लोट उतारावरून ताशी शंभर किलोमीटरपेक्षाही वेगाने येतो. त्याच्यापुढे पळणं शक्य नसतं.

फिलिपिन्समधला पिनातुबो सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. आपल्या 'जागृत, निद्रिस्त, मृत' या तक्त्यात मी त्याला डोळे मिटून 'मृत'मध्ये टाकलं असतं. १९९१च्या वसंतात तो हलू लागला. तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी भूकंपमापक लावले, बाहेर पडणारा वायू मोजला. लोकांना पटत नव्हतं, तेव्हा त्यांना एक चित्रफीत दाखवली. ती मोरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच जोडप्याची. आर्मेरोसारखं पुन्हा होऊ नये म्हणून केलेली. हजारो माणसं वेळेत हलवली गेली. १५ जूनला प्रचंड स्फोट झाला आणि नेमकं त्याच दिवशी वादळही आलं. पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरं कोसळली, काही शे माणसं गेली. पण हजारो वाचली.

हे पाहायला क्राफ्ट पती-पत्नी नव्हती. बारा दिवस आधी, ३ जूनला, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर अशाच एका लोटात ती दोघं गेली होती.

बाई, आपण पहिल्या रांगेत बसला आहात. माझं उत्तर चुकलं होतं. बरोबर उत्तर आज दिलंय, चाळीस वर्षं उशिरा.