जमिनीखालचे पाणी कोणाचे?



पाण्याचा कायदा म्हटला की आपण धरणे आणि आंतरराज्य लवाद यांवर बोलतो. मी आज जमिनीखाली उतरणार आहे. जगात सर्वांत जास्त भूजल आपला देश उपसतो, आणि ते कोणाचे हे अजून १८८२चा ईझमेंट ॲक्ट सांगतो. त्याच्या सातव्या कलमाखालच्या एका उदाहरणानुसार, ठरावीक प्रवाहात न वाहणारे भूगर्भातले पाणी आपल्या हद्दीत हवे तेवढे घेण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. मुंबई इलाख्यात हा कायदा १८९१ साली आला.

यामागचे तत्त्व मात्र इंग्लंडातल्या लँकेशायरचे. तिथे कोळशाच्या खाणीमुळे एका कापड गिरणीची विहीर आटली. १८४३ साली न्यायालयाने गिरणीमालकाला दाद दिली नाही. पाणी खालून कुठे जाते हे कुणालाच दिसत नाही, मग शेजाऱ्याचा हक्क मानायचा कसा? त्या काळी हे पटण्यासारखे होते. आज आपल्या काळ्या पाषाणातही पाणी कोणत्या थरातून सरकते हे भूवैज्ञानिक नकाशावर दाखवतात. कायदा तेवढा आंधळा राहिला.

परिणाम गावात पाहा. ऐपतवाला आणखी खोल बोअर मारतो, शेजारची विहीर कोरडी पडते आणि दोष कुणाचाच नसतो. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचा तर प्रश्नच मिटला!

केरळात प्लाचीमडा इथे शीतपेयाच्या कारखान्यावरून हाच वाद पेटला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २००३ साली भूजल ही जनतेची ठेव मानली. २००५ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने पारडे पुन्हा जमीनमालकाकडे झुकवले. हक्काचा पायाच असा डळमळीत असेल तर देखरेख कशावर उभी राहणार? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९७ साली केंद्रीय भूजल प्राधिकरण आले. पण २०२०च्या त्याच्या नियमांत शेतीला परवान्यातून सूट आहे, आणि सर्वाधिक उपसा शेतीचाच. ही सूट मला चूक वाटत नाही. कोट्यवधी विहिरींना दिल्लीतून परवाने देणे हा पोरखेळ ठरेल. हिशेब एका भूजलधारक थरावरच्या गावांनी मिळून ठेवायला हवा. महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा २०१४ साली अंमलात आला. त्यात विहिरी आणि बोअरच्या खोलीला साठ मीटरची मर्यादा आहे. ती किती पाळली जाते, हे बोअरची गाडी पाहिलेल्यांना मी काय सांगू?

केंद्राने नेमलेल्या मिहिर शाह समितीने २०१६ साली केंद्रीय जल आयोग आणि भूजल मंडळ एकत्र करायला सांगितले. जरूर करावेत, पण पाट्या बदलून मालकी बदलत नाही. केंद्राच्या त्याच वर्षीच्या नमुना भूजल विधेयकात भूजल ही सार्वजनिक ठेव आणि सरकार तिचे विश्वस्त, असे स्वच्छ म्हटले आहे. पाणी राज्यांचा विषय असल्याने ते स्वीकारणे विधानसभेच्या हाती आहे. तुमचे आमदार मत मागायला येतील, तेव्हा बोअरच्या अनुदानाआधी या विधेयकाचे काय झाले, ते विचारा.