कापूस आपला, कापड इचलकरंजीचं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं ऊस आणि गूळ येतो. मी आज याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीबद्दल बोलणार आहे. पंचगंगेकाठचं हे गाव, घोरपड्यांच्या जहागिरीचं. शिवारात ऊस दिसेल, कापसाचं रान शोधावं लागेल. तरी गावाचं पोट कापसावर.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी उद्योगाला हात दिला. एकाचा माग चाललेला पाहून दुसऱ्यानं घातला, असं करत गाव वाढलं. सुतासाठी दुसऱ्याच्या दारात किती उभं राहायचं, म्हणून पुढं इथं डेक्कन सहकारी सूतगिरणीही निघाली. 1982 साली मुंबईत गिरणी संप झाला आणि गिरण्यांचं पुष्कळ काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर आलं.

आता आपला हिशेब. पाच क्विंटल कापूस जिनात घातला की साधारण 170 किलो रुई, म्हणजे एक गाठ. उरते सव्वातीन क्विंटलच्या आसपास सरकी. तिचं तेल घाणीवाला काढतो आणि पेंड आपण बैलासाठी विकत आणतो. आपल्याच बोंडातली! ज्वारी घरात खायला, कडबा दावणीला, वर्षाची रोकड काय ती कापसाची. आणि तोच आपण बोंडातून काढला तसा गाडीत भरून देतो. रुईचं सूत, सुताचं बीम, बिमाचं कापड, या सगळ्या पायऱ्यांची मजुरी दुसऱ्या गावाला.

पण मागवाले सगळे गबर झाले असं समजू नका. तिथला खर्चीवाला बघा. व्यापारी त्याला बिमं देतो, कापड घेऊन जातो, हातात ठेवतो पिकावरची मजुरी. (तिथं पीक म्हणजे कापडातला आडवा धागा, बरं का.) वीजबिल त्याचं, मोडतोड त्याची. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचाही नाही.

कापूस चढला की कापडधंद्यातून ओरड होते, निर्यात थांबवा. मार्च 2012 मध्ये केंद्रानं बंदी घातलीही. थोड्याच दिवसांत ती सैल करावी लागली. अशा बंदीनं आपला भाव पडतो. खर्चीवाल्याची मजुरी काही त्यानं वाढत नाही. मग फावतं कुणाचं, ते तुम्हीच ओळखा.

सूतगिरणी काढा असं मी म्हणत नाही. भांडवलाविना काढलेल्या किती गिरण्या बंद पडल्या ते आपण पाहिलंय. दहा घरांनी मिळून पन्नास क्विंटल कापूस मजुरीवर जिनिंग करून बघावा. दहा गाठी होतील. रुई वेगळी विकायची, सरकी वेगळी. जवळचा जिनवाला गाठीमागं काय घेतो आणि सरकीला आज काय भाव आहे, हे आकडे पुढच्या बैठकीला घेऊन या. तिथंच बसून हिशेब मांडू.