दुरुस्तीनंतर मशीनचे तेल बिघडले तर...

(उचगाव येथे यंत्रधारक व शेतकरी बांधवांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या वाडवडिलांनी बैलांच्या जोरावर शेती कसली. आज बांध घालायचा तरी जेसीबी लागतो, आणि तो बहुधा कर्जाचा असतो. मशीन बंद पडले तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

माझाच अनुभव सांगतो. मृगाच्या तोंडावर माझ्या मशीनचा हायड्रॉलिक पंप एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये बदलून आणला. तिसऱ्या दिवशी पंप रडू लागला, टाकीत ताकासारखा फेस आला. वर्कशॉपवाले म्हणाले, "कंट्रोल व्हॉल्व्ह गेला, नवा घाला." रक्कम ऐकून त्या रात्री घास उतरला नाही. शेवटी उद्यमबागेतल्या एका जाणत्या फिटरला आणले. पंपाकडे येणाऱ्या सक्शन पाइपाची क्लिप सैल राहिली होती. पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. क्लिप बदलली, काम झाले. या बाजूने हवा आत जाते, तेल बाहेर गळेलच असे नाही. म्हणून चूक दिसत नाही.

तेव्हा मोठा खर्च कबूल करण्याआधी तेल पाहा. फेस असेल तर हवा. दुधासारखे पांढरट असेल तर पाणी. काळे पडून जळका वास येत असेल तर तेल तापले आहे. हायड्रॉलिकचे तेल कमी होते पण जमिनीवर थेंब नाही? पंप गिअरबॉक्सला जोडलेला असेल तर गिअरबॉक्सचे तेल वाढले आहे का बघा. वाढले असेल तर पंपाच्या शाफ्टचे सील संशयित. जुना फिल्टर कापून पाहा. पिवळी चमक असेल तर पंपातील बुश झिजत असावेत. जुना पंप फुटला असताना टाकी आणि पाइप न धुता नवा बसवला, तर तोच चुरा नव्यालाही खातो.

ब्रेकच्या बाबतीत तर जिवाशी गाठ आहे. अनेक बॅकहो मशीनना ब्रेकसाठी खनिज तेल लागते. त्यात मोटारीचे साधे ब्रेक ऑइल ओतले की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. मॅन्युअलमध्ये लिहिले असेल तेच तेल घाला.

आणखी एक. गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचे तेल सुईच्या भोकातूनही कातडीत घुसते. पुठ्ठा धरून बघा, आणि हात लावण्याआधी बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, दाब सोडा. तेल घुसलेच तर जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

आता हक्काचे बोलू. जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका. भाषा कळत नसेल तर समजावून मागा. कोणते तेल, किती लिटर, कोणते सील, हे बिलावर लिहून घ्या. काढलेले भाग परत मागा. तक्रार तोंडी नको, तारखेसह लेखी द्या. बिघडलेले तेल स्वच्छ बाटलीत साक्षीदारांसमोर सीलबंद करा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन चालवणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक ठरतो. तक्रार २ वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मंडळी, हायड्रॉलिकचे ज्ञान आपल्याला परके नाही. सुरेश हुंदरे यांनी १९८१ मध्ये बेळगावात पॉलिहायड्रॉन उभी केली, आणि हे व्हॉल्व्ह-पंप इथल्याच हातांनी घडले. आपल्या पोरांनी हे शिकावे, आणि गावात एकाचे मशीन अडले तर चौघांनी जाऊन बघावे. एकटा माणूस वर्कशॉपच्या काउंटरवर दबतो. चौघे असले की हिशोब नीट मिळतो.