कलमाचा विसावा आणि सुनेचा पायगुण

आम्ही कोकणातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आंबा कसा पिकवायचा हे तुम्हाला सांगायला नको. आज आम्ही बोलणार आहोत न लागलेल्या आंब्याबद्दल.

दोन वर्षांमागे आमच्याकडे हापूस असा लागला, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. आम्ही आंबापोळी केली, रस आटवला, चार पैसे हातात आले. त्या भरात कर्ज काढून रस काढायचं यंत्र घेतलं. त्याच मे महिन्यात गटातल्या एका काकूंच्या घरी सून आली. पुढच्या हंगामात त्यांच्या कलमांना मोहोर नावालाच आला. आमचे हप्ते थकले. आणि गावात कुजबुज सुरू झाली, "सुनेचा पायगुण बरा नाही." खरं सांगतो, आमच्यातल्याही काहीजणी असं बोलल्या. पोरगी शिमग्याला माहेरी गेली, ती लवकर परत येईना.

मग आम्ही एका प्रशिक्षणात हा प्रश्न विचारला, की भरलेलं झाड दुसऱ्या वर्षी रिकामं का राहतं? जे कळलं ते असं.

आंब्याची काडी आधी पालवते, ती पालवी काही महिने जून होते, मग थंडी पडली की तिच्या शेंड्याला मोहोर येतो. पण मोहोर यायला पानांकडून शेंड्याकडे एक निरोप जावा लागतो. हा निरोप म्हणजे एक प्रथिन. ते कसं बनवायचं याची कृती झाडाच्या जनुकात असते. जनुक म्हणजे आईबापाकडून पेशीत आलेली गुणांची चिठ्ठी. झाड फळांनी लगडलं, की कोयीत वाढणाऱ्या बीकडून दुसरं एक द्रव्य सुटतं, जिबरेलिन. ते मोहोराचा निरोप दाबून धरतं. शिवाय झाडाने साठवलेलं अन्न फळं पोसण्यात खर्च होतं. फळ दिलेल्या काड्या उशिरा पालवतात आणि थंडी येईपर्यंत त्यांची पालवी कोवळीच राहते. मोहोर येणार कुठून?

म्हणजे बघा, ती सून उंबरठा ओलांडत होती तेव्हा अंगणातली कलमं आंब्यांनी वाकली होती, आणि त्या ओझ्यातच पुढच्या वर्षाचा रिकामेपणा तयार होत होता. पायगुणाचा इथे संबंधच नाही. बाळंतीण जशी विसावा घेते, तसं झाड विसावत होतं.

हे एकट्या आंब्याचं नाही. इराणात आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पिस्त्याच्या बागा आहेत, त्यांचंही असंच. फक्त रीत वेगळी. पिस्त्याच्या झाडावर पुढच्या वर्षाच्या फुलांचे डोळे तयार होतात, पण त्या वर्षी फळ जास्त असेल तर दाणा भरताना झाड ते डोळे गाळून टाकतं.

मग आमच्यातल्या एकीने विचारलं, "नीलम तर दरवर्षी लागतो, मग हापूसच का असा?" कारण चिठ्ठी वेगळी. हा स्वभाव एका जनुकाचा नाही, अनेक जनुकं मिळून तो ठरतो. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, म्हणून आपण कलम बांधतो. कलमाबरोबर हापूसची गोडी येते, तसा त्याचा वर्षाआडचा स्वभावही येतो. हा स्वभाव बदलायचा तर दुसऱ्या जातीशी संकर करावा लागतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात निघाली. 1981 साली ती लागवडीसाठी आली. ती हापूसपेक्षा नियमित फळते आणि तिच्यात साका होत नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीची सिंधू तयार झाली.

मोहोर यावा म्हणून मुळाशी ओततात ते औषध तुम्ही पाहिलं असेल, पॅक्लोब्युट्राझोल. ते झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही, म्हणून मोहोर येतो. पण ज्याने झाडं दोन-तीन वर्षांच्या कराराने घेतली, तो कधी कधी मापाबाहेर ओततो. त्याला आपला हंगाम दिसतो, झाडाचं पुढचं आयुष्य आपल्याला बघायचं असतं. म्हणून झाडं करारावर देताना औषधाचं माप आणि खताची जबाबदारी कागदावर लिहून घ्या. माप झाडाच्या घेराप्रमाणे असतं, ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि अशक्त झाडाला हे औषध नकोच.

आमच्या गटाने आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, भरलेल्या वर्षी आंबे उतरले, की पावसाच्या सुरुवातीला झाडाला शेणखत आणि खत घालायचंच, कारण तेव्हाच ते सगळ्यात थकलेलं असतं. दोन, नव्या लागवडीत हापूसबरोबर काही कलमं रत्नाची लावायची. तीन, आंब्याचा हिशेब एका वर्षाचा धरायचा नाही, दोन वर्षांचा धरायचा. भरलेल्या वर्षाची निम्मी शिल्लक रिकाम्या वर्षासाठी बाजूला, आणि कर्जाचा हप्ता दोन वर्षांच्या सरासरीवर. भरलेलं वर्ष बघून कर्ज काढलं, हीच आमची चूक होती.

आणि चौथी गोष्ट ठरवावी लागली नाही. आम्ही पाचजणी त्या सुनेच्या माहेरी गेलो. काकू पुढे होत्या. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "बाय, चूक झाडाचीही नाही नि तुझीही नाही. चल घरी."

यंदा त्यांच्या कलमांना मोहोर आलाय. त्याचं श्रेयही आम्ही सुनेला देत नाही हं! झाडाचा विसावा संपला, एवढंच. तुमच्याही गावात रिकाम्या झाडाचा दोष कुणा बाईच्या माथी मारत असतील, तर त्यांना एवढंच विचारा, गेल्या वर्षी झाड किती लागलं होतं?

येतो आम्ही. नमस्कार.