वस्तूवरचं नाव वाचताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "नोकरीचं बोलू नकोस, ते सगळेच बोलतात. तुझ्या त्या विचित्र छंदाचं बोल." तर माझा छंद म्हणजे जुन्या शस्त्रांवर कोरलेली कारागिरांची नावं वाचणं.

आधी घरातली गोष्ट घेऊ. आजीच्या काळातलं घंगाळ किंवा पितळी डबा बहुतेकांच्या माळ्यावर असेल. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव आठवून पाहा. ते नाव देणाऱ्या मामाचं असतं, नाहीतर घेणाऱ्या नवरीचं. घंगाळ ज्याने ठोकून घडवलं त्या तांबटाचं नाव त्यावर सहसा नसतं.

जपानमध्ये मात्र तलवारीच्या कामात कारागिराने नाव कोरायची पद्धत होती. पातं आणि मूठ यांच्या मध्ये एक धातूची चकती बसते, तिला 'त्सुबा' म्हणतात. नाव तिच्या मधल्या भागात, पात्याच्या खाचेशेजारी कोरतात. गंमत म्हणजे तलवार जोडली की नेमका तोच भाग झाकला जातो. मूठ उतरवल्याशिवाय नाव दिसत नाही.

ती लिपी पाहून पहिल्यांदा छाती दडपते. पण शिकायला लागलो की कळतं, हजारो अक्षरं येण्याची गरज नाही. मजकुराचा साचा ठरलेला असतो. कानेइए नावाच्या प्रसिद्ध कारागिराची सही 'जोशू फुशिमी जू कानेइए' अशी आहे. जोशू हा प्रांत, फुशिमी हे गाव, 'जू' म्हणजे राहणारा आणि शेवटी नाव. पुष्कळ सह्यांच्या शेवटी 'साकु' असतं, म्हणजे 'घडवलं'. 'जू' आणि 'साकु' ही दोन अक्षरं आधी पाठ करायची. ती सापडली की प्रांत कुठे आणि नाव कुठे हे समजायला लागतं. छिन्नीने कोरलेली रेघ कुठून सुरू झाली आणि कुठे संपली, हेही पाहावं लागतं. पाटीवर अक्षर गिरवून घेताना आपले गुरुजी 'रेघ वरून खाली' म्हणून ओरडायचे, ते इथे कामी आलं.

पण नाव वाचता आलं म्हणजे वस्तू ओळखता आली असं नाही. नावाजलेल्या कारागिराचं नाव दुसऱ्याच्या कामावर कोरायची चाल तिकडेही होती आणि इकडेही. इराणच्या असदुल्ला इस्फहानीचं नाव आपल्या देशात कितीतरी तलवारींवर सापडतं. ती सगळी एकट्या माणसाने घडवली असणं शक्यच नाही. मराठ्यांच्या फिरंगींवर 'आंद्रेआ फेरारा' हे युरोपी नाव दिसतं, त्याचीही तीच गत. म्हणून आधी काम पाहायचं, मग सही.

आता आपल्या नगरकडे येतो. गडगडाटी वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. ती तोफ आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे, पण तिचं जन्मगाव नगर. सुमारे १४ फूट लांब, अंदाजे ५५ टन वजनाची ही ओतीव तोफ इथे १५४९ साली तयार झाली. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे आणि त्याच्या जबड्यात हत्ती. पुढे परांड्याहून ती विजापूरला गेली.

तिच्यावर निजामशहाचं नाव आणि हिजरी ९५६ हे साल आहे. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने १०९७ सालचा आपला लेख त्यावर घातला. आणि आणखी एक नाव आहे, मुहम्मद बिन हुसेन रूमी. हा तोफ ओतणारा. 'बिन' म्हणजे मुलगा, 'रूमी' म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. बापाचं नाव, मुलूख आणि काम. कानेइएच्या सहीसारखाच साचा.

अशा सह्यांच्या आधी बहुधा 'अमल' हा शब्द येतो. ऐन, मीम, लाम ही तीन अक्षरं ओळखता आली की फारसी न शिकलेल्यालाही कारागिराचं नाव कुठे शोधायचं ते कळतं. आपला 'अंमल' हा शब्द त्यावरूनच आला. आपण त्याचा अर्थ सत्ता असा धरला, अरबीत मूळ अर्थ आहे काम.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. १८५४ साली निरुपयोगी सरकारी सामान म्हणून ही तोफ लिलावात निघाली होती. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. बोली फारच कमी, शिवाय लोकांना तोफेबद्दल वाटणारी आस्था, म्हणून विक्री थांबली. एवढ्या मोठ्या तोफेची ही कथा, तर माळ्यावरच्या वस्तूची काय? ज्या वस्तूवरचं वाचता येत नाही, ती वजनावर विकली जाते.

म्हणून एक विनंती. घरातली जुनी तलवार, कट्यार, घंटा, भांडं मोडीत द्यायच्या आधी मोडी वाचणारा गाठा, फारसी वाचणारा गाठा. आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जाऊन विचारा. कोरीव जागा चिंचेने किंवा राखेने घासू नका, तारेचा ब्रश तर लावूच नका. घासून घासून नावं पुसली जातात. अंधाऱ्या खोलीत बाजूने तिरका उजेड पाडा, अक्षरं उठून दिसतील. पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवा, ठसा मिळेल. जपानी अभ्यासकही कागदावर ठसे घेऊनच सह्या ताडून पाहतात. तो ठसा, वस्तू कोणाकडून आली आणि केव्हा, हे एका कागदावर लिहून ठेवा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर हे विचारून घ्या.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने असा एक ठसा आणावा. आपण सगळे मिळून वाचू. अडेल तिथे विचारायला आपले गुरुजी पहिल्या रांगेत बसलेले आहेतच.