खडू आणि काडतूस : मोहन रानडे यांचे चरित्र

लासलगावच्या परिसरात वीरपुरुषांची वाण नाही. पानिपतच्या रणांगणावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांचे विंचूर गावाला लागूनच आहे. होळकरांचा वाडा मिरविणारे चांदवड उत्तरेस आहे. आणि १८५७ च्या संग्रामात इंग्रजांना दीर्घकाळ झुंजविणाऱ्या तात्या टोप्यांचे जन्मगाव येवले, तेही शेजारचेच. आज ज्या पुरुषाचे चरित्र आपणांस सांगावयाचे आहे, तो मात्र कोणा सरदाराच्या वाड्यातून आलेला नाही. त्याच्या हाती प्रथम खडू होता. मुलांना मराठी शिकविणारा हा मास्तर पुढे सशस्त्र तुकडीचा नायक झाला आणि त्यापायी परक्या भूमीवरील तुरुंगात आपले तारुण्य घालवून बसला. त्याचे नाव मोहन रानडे.

शिक्षकाने शस्त्र हाती घ्यावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु जगाच्या इतिहासात तिला मोठा दाखला आहे. व्हिएतनामचे सेनापती व्हो न्ग्वेन ज्याप हे हनोई येथील एका खाजगी शाळेत इतिहास शिकवीत असत. डिसेंबर १९४४ मध्ये अवघ्या चौतीस जणांची तुकडी घेऊन त्यांनी प्रारंभ केला आणि मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच सैन्यास शरणागती पत्करावयास लाविले. रानडे यांच्या हाताखाली असे सैन्य कधीच नव्हते. मूठभर सोबती, थोडी शस्त्रे आणि रात्रीचा अंधार, एवढीच त्यांची सामग्री. तेव्हा दोघांची तुलना पराक्रमाच्या मापाने करणे योग्य होणार नाही. साम्य आहे ते एवढेच की, जे आपण वर्गात शिकवितो ते वर्गाबाहेर खरे करून दाखविण्याची वेळ आली असता दोघांनीही पाऊल मागे घेतले नाही.

रानडे मूळचे सांगलीचे. त्यांचे पाळण्यातले नाव मनोहर आपटे. मोहन रानडे हे नाव त्यांनी पुढे धारण केले आणि तेच लोकांच्या जिभेवर राहिले. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण सावरकर बंधूंच्या विचारांनी भारलेला होता. ते बंधू नाशिक जिल्ह्यातील भगूरचे. तेव्हा ह्या चरित्राचा एक धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. वकिली करून सुखाने संसार करण्यास त्यांना काहीच अडचण नव्हती. परंतु १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात शिरले.

त्या वेळचा गोवा कसा होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी लासलगावची बाजारसमिती स्थापन झाली आणि आपला शेतकरी स्वराज्यात आपला माल तोलू लागला. गोव्यात मात्र १५१० साली आलेला पोर्तुगीज अंमल तसाच चालू होता. सभा भरविण्यास बंदी, छापखान्यावर नजर. जून १९४६ मध्ये मडगावास डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेऊन ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्यासारख्या वयोवृद्ध पुढाऱ्यास लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालात धाडण्यात आले. १९५१ मध्ये तर पोर्तुगालने आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव देऊन गोवा हा आपल्याच देशाचा भाग असल्याचे जाहीर केले. हे नामांतर वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु रानडे यांच्या आयुष्यावर त्याचा केवढा भार पडला, ते पुढे दिसेल.

अशा राज्यात मराठीची शाळा ही निव्वळ अक्षरओळखीची जागा राहत नाही. गावचा मास्तर हा घरोघरी जाऊ शकतो. त्याच्या येण्याजाण्याचा कोणास संशय येत नाही. कोणता बाप विश्वासाचा आणि कोणता भित्रा, हे त्याला मुलांच्या बोलण्यावरून उमगते. रानडे हे आझाद गोमंतक दलात सामील झाले. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आदी तरुणांनी १९४७ मध्ये स्थापन केलेले हे दल सशस्त्र प्रतिकाराचा पुरस्कार करणारे होते. पोलीस चौक्या व जकात नाकी यांवर छापे घालावेत, शस्त्रे हस्तगत करावीत आणि सत्तेचा दरारा मोडावा, अशी त्यांची रीत. अशा अनेक छाप्यांचे नेतृत्व रानडे यांनी केले.

शस्त्राचा हा मार्ग सर्वांस मान्य होता, असे नव्हे. त्याच काळी नि:शस्त्र सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडून जात होत्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांच्यावर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसांहून अधिक सत्याग्रही प्राणांस मुकले. भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, मांडवीच्या काठी पणजीसमोर असलेल्या बेतीच्या पोलीस ठाण्यावर रानडे यांनी हल्ला चढविला. त्यात गोळी लागून ते जखमी झाले आणि शत्रूच्या हाती सापडले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळील काशियश किल्ल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. बंदिवासातील सहा वर्षे त्यांनी एकांतकोठडीत काढली. ज्याचे कामच मुलांशी बोलण्याचे, त्याला बोलावयास माणूस मिळू नये, ह्याहून कठोर शिक्षा ती कोणती?

श्रोतेहो, ह्या चरित्रातील खरा करुण भाग येथून पुढेच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल शरण आले. तीन हजारांवर पोर्तुगीज युद्धकैदी आपल्या ताब्यात आले आणि १९६२ मध्ये ते सुखरूप मायदेशी परतलेही. परंतु ज्या मुक्तीसाठी रानडे यांनी गोळी झेलली, ती मुक्ती त्यांच्या कोठडीपर्यंत पोहोचली नाही. पोर्तुगालच्या लेखी गोवा त्यांचाच प्रांत; मग रानडे युद्धकैदी कसे? ते केवळ गुन्हेगार! आणि दोन्ही देशांत वकिलातीच नसल्यामुळे बोलणी करावयाची तरी कोणी?

हे काम हाती घेतले एका गायकाने. सुधीर फडके यांचा आवाज रेडिओच्या श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. बेतीचा छापा झाला त्या दिवसांत पुणे केंद्रावरून दर आठवड्यास त्यांचे ‘गीतरामायण’ ऐकू येत होते. परंतु हेच फडके १९५४ मध्ये दादरा-नगरहवेलीच्या सशस्त्र मुक्तिसंग्रामात उतरले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रानडे यांच्या सुटकेसाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. अखेर मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये व्हॅटिकनला पोप सहावे पॉल यांची भेट घेतली असता ह्या कैद्यासाठी रदबदली करण्याची विनंती केली. सांगलीच्या मराठी तरुणासाठी तमिळ पुढाऱ्याने ख्रिस्ती धर्मगुरूपाशी शब्द टाकावा, ही घटना आपल्या देशाच्या ऐक्याची केवढी मोठी साक्ष आहे! जानेवारी १९६९ मध्ये रानडे मुक्त झाले. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी अण्णादुराई निवर्तले.

सव्वातेरा वर्षांचा हा बंदिवास. त्यांपैकी सात वर्षांहून अधिक काळ स्वतंत्र गोव्याचा मुक्तिसैनिक परदेशी गजांआड होता. रानडे यांनी आपली हकीकत ‘सतीचे वाण’ ह्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. २००१ साली त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली आणि जून २०१९ मध्ये पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या शस्त्राच्या मार्गाविषयी कोणाचे मत भिन्न असेल. तसे असण्यास हरकत नाही. परंतु एक गोष्ट वादातीत आहे. विजयाचे नगारे वाजू लागले की जो मागे राहिला त्याची आठवण समाजाला सहसा राहत नाही. ती आठवण जागी ठेवणारा फडक्यांसारखा एखादाच निघतो. सैनिकाचे कर्तव्य रानडे यांनी चोख बजाविले. मागे राहिलेल्याला परत आणण्याचे कर्तव्य इतरांचे होते, आणि ते पार पडावयास सात वर्षे लागली. आपल्या मुलांना गोवामुक्तीची तारीख शिकविताना आपण १९६१ हे साल सांगतो, ते बरोबरच आहे. मात्र त्याच्या जोडीला १९६९ हेही साल सांगितले पाहिजे. कारण गोव्यातल्या एका मराठी मास्तराच्या वाट्याला स्वातंत्र्य आले ते त्या वर्षी.