एक बेजोड सायकल

'बेजोड' या शब्दाचे दोन अर्थ होतात. जिला तोड नाहीं ती वस्तु बेजोड, आणि जिचा एक भाग दुसऱ्याशीं जुळत नाहीं तीहि बेजोडच. आज ज्या सायकलीविषयीं मी बोलणार आहें ती दुसऱ्या अर्थानें निश्चित बेजोड आहे. पहिल्या अर्थाचा निर्णय माझ्यासारख्या पक्षपाती माणसानें न दिलेला बरा.

सायकल माझ्या वडिलांची. ते प्राथमिक शिक्षक होते. १९६१ सालीं त्यांनीं ती जुनीच विकत घेतली. तेव्हां चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि १९८२ सालीं वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा चांद्याचाच भाग होता. त्यांची शाळा आलापल्लीच्या पलीकडे, भामरागडच्या वाटेवर. पावसाळ्यांत ही वाट नाल्यानाल्याला अडे. मग सायकल खांद्यावर घेऊन ते पाण्यांतून जात. अशा रानांत एखादा भाग मोडला तर त्याच जातीचा भाग मिळेपर्यंत कोण थांबणार? बाजाराच्या दिवशीं जें हातीं लागे तें बसवावयाचें. वीस वर्षांनीं ती निवृत्त झाली तेव्हां सांगाडा, मागचें चाक आणि करीयर एवढेंच मूळचें उरलें होतें. पुढें ती चंद्रपूरच्या घरीं पडवींत गंजत राहिली. पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्याशीं लोखंडाचा संयोग झाला कीं गंज होतो. लोहाऱ्याच्या आणि सुरजागडच्या डोंगरांतील खनिज हाहि लोखंडाचा आणि प्राणवायूचाच संयोग आहे. तेव्हां नॉटिंगहॅमचें हें लोखंड आमच्या जिल्ह्यांत येऊन पुन्हां खनिज होऊं पाहत होतें म्हणा ना!

माझी नात नववींत आहे. "आजोबा, मला नवी नको, पणजोबांचीच पाहिजे," असा तिनें हट्ट धरला. मलाहि हुरूप आला. सांगाड्यावर रॅलेची पट्टी होती, म्हणून प्रत्येक भाग रॅलेचाच मिळवून सायकल पहिल्यासारखी करावयाची असें मीं ठरविलें, आणि जटपुरा दरवाज्याजवळच्या एका वृद्ध कारागिराकडे गेलों. पट्टीकडे त्यानें पाहिलेंहि नाहीं. "भाऊ, आधी आटे मोजा, मंग नाव वाचा," तो म्हणाला.

त्याचें म्हणणें खरें होतें. रॅले कंपनी आपल्या सांगाड्याला व चिमट्याला इंचाला २६ आटे पाडी. इतर बहुतेक इंग्रजी सायकलींना २४ असत. आमचा सांगाडा २६ चा, चिमटा २४ चा. म्हणून चिमट्याबरोबर त्याचा कोन आणि नटहि परके आलेले. इंग्रजी रिवाजाप्रमाणें पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० आरे असतात, कारण बसणाऱ्याचा व ओझ्याचा बहुतेक भार मागें पडतो. आमच्या पुढच्या चाकाला ३६ निघाले. तें तिसऱ्याच कुळांतलें. मग मलाच प्रश्न पडला : पहिल्यासारखी म्हणजे कोणत्या दिवसासारखी? कारखान्यांतून निघाली त्या दिवसासारखी, कीं वडील तिच्यावरून शेवटचे शाळेंत गेले त्या दिवसासारखी? कारखान्याचा दिवस मीं पाहिलेला नाहीं. रॅलेचे भाग शोधण्याचा नाद तेथेंच सोडला.

खरी झटापट कॉटरशीं झाली. पायडलाचा दांडा आंसावर धरून ठेवणारी ही पाचर गंजली कीं निघत नाहीं, आणि अधीर मनुष्य हातोडा मारून तिचें टोंक फुलवितो. मग ती कधींच निघत नाहीं. कारागिरानें चार दिवस तेल मुरविलें, दांड्याखालीं लोखंडी नळीचा आधार दिला, म्हणजे घाव छऱ्यांवर जाऊं नये, आणि एकच ठोका घातला. पाचर खालीं पडली. मीं मारलेल्या वीस ठोक्यांचा उल्लेख त्यानें केला नाहीं.

चिमटा साफ करतांना मात्र हात थांबला. मडगार्डाखालीं झांकलेल्या जागीं वडिलांनीं टोच्यानें साल कोरलें होतें : १९६८. शाळेच्या जडसंग्रहाची नोंद करावी तसें. तेथेंच खालीं पितळेनें झाळलेला एक जुना सांधा होता. कारागिरानें त्यावर घासलेट लावलें, थोड्या वेळानें कोरडें पुसलें आणि खडूची पूड चोळली. पांढऱ्या पुडींत केसासारखी काळी रेघ उमटली. चिरेंत शिरलेलें घासलेट बाहेर येत होतें.

"डाग मारून देतो म्हटलं तर देतो. पण पोरीले ह्याच्यावर बसवू नका, भाऊ."

तीन दिवस मी काय करावें या विचारांत होतों. चाक वांकडें झालें तर तें घासूं लागतें, साखळी तुटली तर सायकल थांबते. चिमटा बहुधा सूचना देत नाहीं आणि बसणाऱ्याला तोंडघशीं पाडतो. चौथ्या दिवशीं नवा चिमटा आणला, मोजून २४ आट्यांचाच. त्यामुळें वडिलांच्या वेळचा कोन आणि नट त्याला बसले. मडगार्डाखालीं नातीनें यंदाचें साल लिहिलें आहे, रंगानें. कोरण्यास कारागिरानें मनाई केली. जुना चिमटा माझ्या टेबलाच्या खणांत मावत नाहीं, म्हणून कपाटावर ठेवला आहे.

रंग दिलेला नाहीं. एक मडगार्ड काळें, दुसरें हिरवें, तसेंच राहूं दिलें. गंज काढून तेल पुसलें, इतकेंच. गेल्या सोमवारपासून नात शाळेंत सायकलीनें जाते. नव्या कॉटरचे नट आरंभीं ढिले पडतात, म्हणून रविवारीं ते आवळून घेण्यासाठीं पुन्हां जटपुऱ्याला जावयाचें आहे.